आधी पंचनामा, मग पाना: इंजिन अचानक बसलं आणि वॉरंटी नाकारली तर

गाडी अडीच वर्षांची. मीटरवर 38,000 किलोमीटर. समृद्धीवर शंभरच्या वेगात असताना बोनेटखालून खडखड ऐकू येते, डॅशबोर्डवर दिवे लागतात आणि इंजिन बंद पडतं. पुन्हा चावी फिरवली तर नुसता 'टक' असा आवाज. टोइंग करून गाडी नागपुरातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला पोचते आणि चार दिवसांनी फोन येतो: "सर, इंजिन सीझ झालंय. ऑइल कमी होतं, त्यामुळे वॉरंटीत बसत नाही. दोन लाखांच्या आसपास एस्टिमेट आहे, अप्रूव्हल द्या."

असा फोन आला की मालक आधी चिडतो, मग घाबरतो आणि शेवटी बहुतेक वेळा पैसे भरतो. कारण समोरचा माणूस 'सीझ', 'शॉर्ट ब्लॉक', 'ऑइल स्टार्व्हेशन' असे शब्द फेकत असतो आणि आपल्याकडे उत्तर नसतं. या वादात सगळा खेळ एकाच प्रश्नाचा आहे: इंजिन कशामुळे गेलं? त्या प्रश्नाचा पुरावा इंजिनाच्या पोटातच असतो आणि इंजिन खोललं, ऑइल ओतून दिलं, पार्ट धुतले की तो कायमचा जातो. म्हणून चोरी झाल्यावर पोलीस आधी पंचनामा करतात तसा इथेही पाना लागण्याआधी पंचनामा व्हायला हवा.

## इंजिन 'बसतं' तेव्हा आत काय होतं

इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि खालचा क्रँकशाफ्ट नावाचा दांडा गोल फिरतो. दोघांना जोडणारी काडी म्हणजे कनेक्टिंग रॉड, गॅरेजच्या भाषेत कॉनरॉड. मिनिटाला 3,000 फेरे म्हणजे सेकंदाला 50. एवढ्या वेगात लोखंडावर लोखंड फिरतं, तरी ते घासत नाही, कारण मध्ये ऑइलचा थर असतो. क्रँकशाफ्ट ज्या बेअरिंगमध्ये फिरतो ती गोळ्यांची बेअरिंग नसते. धातूच्या अर्धगोल पातळ पट्ट्या असतात. पट्टी आणि दांडा यांतली फट साधारण 0.02 ते 0.06 मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. त्या फटीत पंप दाबाने ऑइल भरत राहतो आणि दांडा त्यावर तरंगतो.

जात्यात धान्य आहे तोवर दगड दगडाला लागत नाही. धान्य संपल्यावरही जातं फिरवत राहिलं की दगड एकमेकांना खातात आणि पिठात कच येते. ऑइलचा दाब गेल्यावर बेअरिंगचं हेच होतं, फक्त काही सेकंदांत. पट्टी तापते, वितळते, दांड्याला चिकटते. यालाच सीझ होणं, बसणं किंवा पकडणं म्हणतात.

लाल रंगाचा, तेलाच्या बुधलीसारखा जो दिवा असतो, तो ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. बहुतेक गाड्यांत तो दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो. म्हणून तो चालत्या गाडीत लागला तर "पुढच्या टोलपर्यंत जाऊ" असं मनातही आणू नका. बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

## कारण कोणतं, त्यावर खर्च कोणाचा ते ठरतं

ऑइल न मिळणं हे सगळ्यात जास्त भांडणाचं कारण, कारण त्याच्या मागे पुन्हा चार शक्यता असतात. ऑइल खरंच कमी होतं. किंवा ऑइल पुरेसं होतं, पण पंप निकामी झाला. किंवा बरेच दिवस न बदललेल्या ऑइलचा गाळ होऊन खालच्या जाळीत अडकला. किंवा रस्त्यावरचा दगड लागून चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) फुटलं आणि ऑइल वाहून गेलं. पहिली आणि तिसरी शक्यता मालकाच्या अंगावर येते. दुसरी सरळ कंपनीची. चौथी विम्याची. चारही वेळा वरून दिसणारं दृश्य एकच असतं: इंजिन जाम. म्हणून नुसतं "ऑइल स्टार्व्हेशन" हे उत्तर पुरेसं नाही. ते लक्षण आहे, कारण नव्हे. डॉक्टरांनी "ताप आहे" म्हणून सोडून द्यावं तसं ते आहे.

चेंबर उतरवल्यावर बेअरिंग स्वतःच बोलतात. चांगली पट्टी राखाडी आणि मऊसर दिसते. खाल्लेल्या पट्टीवरचा थर जाऊन खालचं तांबूस दिसायला लागतं आणि तापलेल्या दांड्यावर निळा-काळा पट्टा उमटतो. सगळ्या पट्ट्या सारख्या खाल्लेल्या असतील तर दाबच सगळीकडे कमी पडला: पातळी, पंप किंवा जाळी. पण एकच पट्टी जळली आणि बाकीच्या धडधाकट असतील, तर संशय त्या एका जागेवर जातो: तिथली ऑइलची वाट बुजली होती, काही कचरा अडकला होता किंवा बसवतानाच फट चुकली होती. "ऑइल कमी होतं" या कारणाला हे चित्र सहज जुळत नाही. म्हणून प्रत्येक पट्टीचा नंबरासकट फोटो लाखमोलाचा.

दुसरं कारण तापणं. नागपूरच्या मे महिन्यात, 45 अंशांत, एसी लावून ट्रॅफिकमध्ये उभी गाडी रेडिएटर, पंखा, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट या सगळ्यांची परीक्षाच घेते. यातलं एकही गेलं की कूलंट उकळतं, ॲल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकतं आणि त्याखालचं गॅस्केट फुटतं. ऑइलमध्ये पाणी मिसळून ते दूध घातलेल्या चहासारखं दिसतं आणि सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतो. पंप किंवा पंख्यात बिघाड निघाला तर ते वॉरंटीत यायला हवं. पण काटा लाल झाल्यावरही दहा किलोमीटर चालवली असेल, तर पंप कंपनीचा आणि हेड तुमचं, अशी वाटणी होऊ शकते. कूलंटच्या जागी बोअरिंगचं पाणी भरत आला असाल तर आत क्षार साचतात आणि तेही खोलल्यावर दिसतात.

तिसरं टायमिंग. पिस्टन आणि वॉल्व्ह यांचा ताल राखणारा पट्टा किंवा चेन तुटली, ताण देणारा टेन्शनर सैल पडला, की वर आलेला पिस्टन उघड्या वॉल्व्हवर आदळतो. पट्टा असेल तर तो किती किलोमीटरवर बदलायचा हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. त्याच्या कितीतरी आधी तुटला तर मालकाला दोष देणं कठीण.

चौथं पाणी. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत गाड्या बुडाल्या, ते नागपूरकर विसरलेले नाहीत. नरेंद्रनगरच्या किंवा लोहापुलाखालच्या पाण्यात गाडी घालण्याचा मोह तर दर पावसाळ्यात होतो. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबा: हवा आहे तोवर दांडा आत जातो, कारण हवा दबते. पंपात पाणी भरलं तर दांडा हलत नाही. इंजिनाने हवेसोबत पाणी ओढलं की पिस्टन त्या न दबणाऱ्या पाण्यावर आदळतो आणि कॉनरॉड वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. यात वॉरंटी मिळत नाही आणि ते रास्तही आहे. साधा विमाही सहसा "पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केला, त्यामुळे झालेलं नुकसान" असं म्हणून इंजिनाचे पैसे नाकारतो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा संरक्षण पॉलिसीत घ्यावं लागतं. गाडी पाण्यात बंद पडली तर चावीला हात लावू नका, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलून न्या.

चेंबर फुटल्याची गोष्टही विम्याचीच. तो दगड, चेंबरची खोच आणि रस्त्यावरचा ऑइलचा माग, तिन्हींचे फोटो जागेवरच काढा. तिथून पुढे गाडी चालवली असेल तर चेंबरचे पैसे मिळतात, इंजिनाचे अडकतात.

## वॉरंटी म्हणजे कंपनीने नेमकं काय कबूल केलंय

वॉरंटी म्हणजे "ठरलेल्या मुदतीत साहित्यात किंवा बनावटीत दोष निघाला तर तो भाग फुकट दुरुस्त करू किंवा बदलू" एवढं वचन. मुदत वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी पूर्ण होईल ते. वापराने झिजणारे भाग, म्हणजे क्लच प्लेट, ब्रेक पॅड, यात नसतात. अपघात, पूर, चुकीचं इंधन, निष्काळजी वापर हेही नसतं.

एक्स्टेंडेड वॉरंटी हा वेगळा करार. अनेकदा तिच्यामागे विमा कंपनी असते आणि अटी मूळ वॉरंटीपेक्षा कडक असतात. तिचं पुस्तक वेगळं मागून घ्या. शोरूममध्ये "सगळं कव्हर आहे" असं सांगितलं जातं आणि कागदावर मात्र भागांची यादी असते.

मुदत नुकतीच संपली असेल तर 'गुडविल' मागता येतं: कंपनी भागांचा काही टक्के खर्च उचलते. हा हक्क नाही, विनंती आहे. पण सगळी सर्व्हिसिंग वेळेवर त्यांच्याकडेच झाली असेल तर मागायला लाजू नका. सर्व्हिस सल्लागार स्वतःहून बहुधा सांगत नाहीत.

## पहिले 48 तास

इथे वेळ घालवू नका आणि घाईत सहीही करू नका.

गाडी बंद पडली त्याच जागी फोटो आणि व्हिडिओ: मीटर, लागलेले दिवे, किलोमीटर, तापमानाचा काटा, गाडीखालची जमीन. इंजिन थंड झाल्यावर, गाडी सपाट जागी असेल तर ऑइलची पातळी मोजायची पट्टी (डिपस्टिक) काढून पुसा, पुन्हा बुडवा आणि किमान-कमाल खुणांमधली पातळी दिसेल असा फोटो घ्या. या दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचं असतं. पट्टीवर ऑइल दोन खुणांच्या मध्ये दिसत असेल, तर "ऑइल संपलं होतं" हा दावा त्या एका फोटोपुढे टिकत नाही. पट्टी कोरडी आली तरी फोटो काढा, लपवू नका. खोटं सांगून जिंकलेला वाद पुढच्या पायरीवर उलटतो, कारण गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदी असतात.

आता जॉब कार्ड, म्हणजे गाडी ताब्यात घेताना वर्कशॉप तक्रार लिहून घेतं तो कागद. सल्लागार त्यात "गाडी स्टार्ट होत नाही" एवढंच लिहितो. तेवढ्यावर सही करू नका. असं लिहून घ्या: "100 किमी वेगात असताना अचानक धातूचा आवाज, लाल ऑइल दिवा लागताच गाडी थांबवली, त्यानंतर चालवली नाही. आणताना पट्टीवर ऑइल अमुक खुणेला." जे घडलं तेच आणि तेवढंच. नंतर कंपनीचा माणूस आणि ग्राहक आयोगही हा कागद सगळ्यात आधी वाचतो.

मग स्कॅन. गाडीचा कॉम्प्युटर बिघाडाचे कोड साठवतो आणि बिघाडाच्या क्षणाची काही आकडेवारीही धरून ठेवतो: वेग, इंजिनाचे फेरे, तापमान. P0524 म्हणजे ऑइलचा दाब फार कमी, P0217 म्हणजे इंजिन फार तापलं, P0016 म्हणजे क्रँक आणि कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा ताल चुकला, P0219 म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे फिरवलं. कोड पुसण्याआधी, बॅटरी काढण्याआधी हा अहवाल छापून किंवा पीडीएफमध्ये मागा. "आमच्या सिस्टिममध्ये आहे" या उत्तरावर थांबू नका.

नंतर इंजिन खोलण्याची परवानगी. वर्कशॉप म्हणतं, खोलल्याशिवाय कळणार नाही आणि वॉरंटीत नाही निघालं तर खोलण्याची मजुरी तुम्ही द्यायची. यात गैर काही नाही. पण परवानगी ईमेलने आणि अटींवर द्या. एक, खोलताना तुम्ही किंवा तुमचा माहितगार मेकॅनिक हजर असेल आणि व्हिडिओ काढला जाईल. दोन, ऑइल मोजपात्रात काढून लिटर लिहिले जातील आणि त्यांचा मॅन्युअलमधल्या क्षमतेशी मेळ घातला जाईल. (दोन-तीनशे मिली आत चिकटून राहतंच, ते हिशेबात धरा.) तीन, ऑइलचा नमुना दोन स्वच्छ बाटल्यांत, प्रत्येकी दोनशे मिली, सीलबंद, दोघांच्या सह्यांनी. एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. चार, ऑइल फिल्टर न फेकता पिशवीत. पाच, वाद मिटेपर्यंत एकही भाग धुवायचा, भंगारात द्यायचा किंवा कंपनीला परत पाठवायचा नाही.

त्या दोनशे मिलीचं काय करायचं? यंत्रांच्या ऑइलची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा त्यातले धातू मोजतात. तांबं, शिसं, कथील वाढलेलं म्हणजे बेअरिंग खाल्लं. ॲल्युमिनियम म्हणजे बहुधा पिस्टन. सिलिकॉन वाढलेला म्हणजे धूळ आत गेली, एअर फिल्टर पाहा. ग्लायकॉल सापडलं म्हणजे कूलंट मिसळलं. ऑइल किती जुनं आणि किती जळलेलं आहे, हेही त्यात येतं. म्हणजे "ऑइल वेळेवर बदललं नाही" हा आरोप खरा की खोटा, हे माणसाच्या तोंडून नव्हे, बाटलीतून ठरतं.

शेवटी, नकार लेखी मागा. कोणत्या भागात बिघाड, त्याचं मूळ कारण काय, वॉरंटी पुस्तकातल्या कोणत्या कलमानुसार नकार, या तीन प्रश्नांची उत्तरं वर्कशॉपच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवर. फोनवरच्या नकाराला किंमत देऊ नका. बरेच नकार लेखी मागितल्यावर मऊ पडतात, कारण सही करणाऱ्याला मग कारण सिद्ध करावं लागतं. पत्र फक्त डीलरला न देता कंपनीच्या ग्राहक कक्षालाही पाठवा आणि कंपनीच्या विभागीय सर्व्हिस अधिकाऱ्याने गाडी प्रत्यक्ष पाहावी अशी मागणी करा.

## "सर्व्हिस बाहेर केली, म्हणून वॉरंटी गेली" हे खरं का?

सरसकट खरं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल देताना स्पष्ट सांगितलं की ग्राहकाने स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं एवढ्यावरून सगळी वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. कंपन्या या निकालाविरुद्ध अपिलात गेल्या, त्यामुळे हा कागद दाखवला की वाद संपला असं होत नाही. पण त्यातलं तर्कशास्त्र पक्कं आहे आणि तुमच्या पत्रात ते असायलाच हवं: केलेली चूक आणि झालेलं नुकसान यांचा संबंध दाखवा.

हाच नियम उशिराच्या सर्व्हिसिंगला लावा. 10,000 ऐवजी 10,800 किलोमीटरवर ऑइल बदललं आणि पुढे वॉटर पंप गळला, तर दोघांचा काही संबंध नाही. पण 10,000 चं ऑइल 22,000 पर्यंत ओढलं, आत डांबरासारखा गाळ निघाला आणि बेअरिंग गेलं, तर संबंध उघड आहे आणि तिथे भांडण्यात पैसा घालवू नये असंच आम्ही सांगू. बाहेर काम केलं असेल तर बिलावर ऑइलचा ग्रेड, दर्जाच्या मानकाचा कोड, लिटर, फिल्टरचा पार्ट नंबर आणि किलोमीटर हवेत. "सर्व्हिसिंग ₹3,500" एवढं लिहिलेली चिठ्ठी काही कामाची नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. इंजिन थोडं ऑइल पितंच आणि मधल्या काळात पट्टी तपासणं मॅन्युअल मालकावरच सोपवतं. ही मालकाची कच्ची बाजू आहे. पण तुमच्या आधीच्या जॉब कार्डांत दोन-तीनदा "ऑइल टॉप-अप" लिहिलेलं असेल, तर इंजिन जास्त ऑइल पितं हे वर्कशॉपला माहीत होतं आणि त्यांनी तपासलं नाही, असा अर्थ निघतो. जुनी जॉब कार्डं काढून वाचा. हुकमाचं पान अनेकदा त्यांतच असतं.

बाहेरून बसवलेलं सीएनजी किट मात्र वेगळं प्रकरण. वॉल्व्ह आणि त्यांच्या सीट जळाल्या असतील तर तिथे नकार बहुधा टिकतो.

## E20 मुळे इंजिन गेलं असेल तर?

2025 मध्ये देशाने पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉलचं लक्ष्य गाठलं, तेव्हापासून प्रत्येक बंद गाडीमागे E20 चं नाव घेतलं जातं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज थोडं पडणं समजण्यासारखं आहे. जुन्या गाड्यांत रबरी नळ्या, सील, फ्युएल पंप यांना त्रास होऊ शकतो. पण हे हळूहळू होतं. E20 मुळे धावत्या गाडीचं बेअरिंग एका झटक्यात बसलं, असं म्हणायला तांत्रिक आधार लागेल.

अचानक बंद पडण्याशी जोडता येईल असा इथेनॉलचा एक गुण आहे: तो पाणी ओढतो. टाकीत पाणी जास्त झालं की पाणी-इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात आणि पंप नेमकं तेच उचलतो. गाडी झटके देते, बंद पडते. अशा वेळी टाकीतलं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर गाडीपेक्षा पेट्रोल पंपाकडे बोट दाखवायला हवं. त्यासाठी इंधनाचं बिल हवं. ते मागायची सवय बहुतेकांना नसते, आजपासून लावा.

वर्कशॉपने "E20 वापरल्यामुळे वॉरंटी नाही" म्हटलं तर झाकणावरचं स्टिकर आणि मॅन्युअल पाहा. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्या E20 ला चालतील अशा साहित्याच्या बनवल्या जातात. तशा गाडीला हे कारण देता येणार नाही.

## नवी गाडीच मागता येते का?

मागता येते, मिळणं अवघड. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच म्हटलंय की वॉरंटीचं वचन सदोष भाग बदलून देण्याचं असेल तर त्याचा अर्थ अख्खी गाडी बदलून देणं असा होत नाही. वारंवार दुरुस्तीनंतरही तोच दोष येत राहिला, वापरच अशक्य झाला, तरच मोठी मागणी वजनदार ठरते. म्हणून तक्रारीत मागण्या उतरत्या क्रमाने लिहा: गाडी बदलून द्या, ते नाही तर नवं इंजिन मोफत, तेही नाही तर दुरुस्तीचा खर्च परत, शिवाय गाडीविना गेलेल्या दिवसांची भरपाई. या शेवटच्यासाठी कॅबची, रेल्वेची बिलं ठेवा.

## ग्राहक आयोगाची वाट

ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. त्यात दोन शब्द वेगळे ओळखा. वस्तूतला बिघाड म्हणजे दोष. दुरुस्ती किंवा सेवेतली हयगय म्हणजे त्रुटी. उत्पादनातला दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि तो आणण्याची जबाबदारी तक्रारदाराची. सेवेतली त्रुटी मात्र कागदांवरून दाखवता येते: कारण लेखी दिलं नाही, न विचारता खोललं, भाग फेकून दिले, तीन महिने गाडी उभी ठेवली. तक्रारीत दोन्ही मांडा. एक मुद्दा घसरला तर दुसरा उभा राहतो.

प्रतिवादी डीलर आणि कंपनी दोघेही करा. कंपनी म्हणते डीलरचं काम आमचं नाही, डीलर म्हणतो बनावट आमची नाही, आणि तुम्ही मध्ये लटकता.

गाडीची मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. नागपूरचा सिव्हिल लाइन्समध्ये आहे. राज्य आयोगाचं खंडपीठही शहरात असल्याने अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही. गाडी पुण्याला घेतली असली तरी तुम्ही नागपुरात राहत असाल तर तक्रार इथेच चालते. फी 5 लाखांपर्यंत काही नाही, 10 लाखांपर्यंत 200 रुपये, 20 लाखांपर्यंत 400, 50 लाखांपर्यंत 1,000. वकील सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवर दाखल होते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, काही प्रकरणं तिथेच मिटतात. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. डीलरच्या "बघतो, कळवतो" मध्ये ती संपू देऊ नका.

तपासणीशिवाय दोष कळणार नसेल तर आयोग कायद्याच्या कलम 38 खाली वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्यासाठी अर्ज तुम्हीच करायचा, फीही बहुधा तुम्हालाच भरायला सांगतात. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या अभियांत्रिकी संस्थेतल्या यांत्रिकी विभागाचं नाव तुम्ही सुचवू शकता. इथेच जपून ठेवलेल्या बेअरिंगच्या पट्ट्या आणि ती ऑइलची बाटली उपयोगी पडते. तीच नसेल तर तज्ज्ञ तपासणार काय? व्हॉट्सॲपवरचे निरोप द्यायचे असतील तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

गाडी धंद्यासाठी, कंपनीच्या नावावर असेल तर तुम्ही 'ग्राहक' नाही असा आक्षेप येईलच. स्वतः टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याला मात्र कायद्याने सूट दिली आहे. तक्रारीत ते स्पष्ट लिहा.

## पण निकालाला वेळ लागतो, गाडी तर रोज लागते

हा आक्षेप खरा आहे. कायद्यात तपासणी नसेल तर तीन आणि असेल तर पाच महिन्यांचं उद्दिष्ट आहे, प्रत्यक्षात याहून बराच जास्त काळ जातो. हप्ते मात्र थांबत नाहीत.

मधला मार्ग असा: पंचनामा पूर्ण करून, हक्क राखून पैसे भरा आणि गाडी चालू करा. बिल भरण्याआधी ईमेल पाठवा: "वॉरंटी नाकारण्याचं कारण आम्हाला मान्य नाही. गाडीची गरज असल्याने ही रक्कम हक्क राखून भरत आहोत. ती परत मागण्याचा अधिकार सोडलेला नाही." आणि काढलेले सगळे जुने भाग खोक्यात बांधून घरी आणा. वर्कशॉपने "पूर्ण समाधान" लिहिलेल्या कागदावर सही मागितली तर "हक्क राखून" हे दोन शब्द हाताने लिहूनच करा. गाडी वादामुळे उभी असेल तर पार्किंगचं भाडं लावू नये, हेही आधीच लेखी कळवा.

एस्टिमेटमध्येही घासाघीस करता येते. नवं पूर्ण इंजिन, शॉर्ट ब्लॉक (म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन, कॉनरॉड एवढंच) आणि नुसतं ओव्हरहॉल, तिन्हींचे दर वेगवेगळे मागा. हेड शाबूत असेल तर पूर्ण इंजिन कशाला?

## दुरुस्त गाडी ताब्यात घेताना

बदललेल्या भागांची यादी पार्ट नंबरासकट घ्या. नव्या भागांना वॉरंटी किती, हे लिहून घ्या. वॉरंटीत बदललेल्या भागाला अनेकदा मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच मिळते, म्हणजे कधी कधी जेमतेम चार महिने. पैसे भरून घेतलेल्या भागाची वेगळी मुदत असते. सीझ झालेल्या इंजिनाचा धातूचा चुरा ऑइल कूलर आणि टर्बोच्या नळ्यांत अडकून राहतो. ते बदलले की धुतले, हे विचारा आणि बिलावर दिसू द्या. इथे कुचराई झाली तर नवं बेअरिंगही महिन्याभरात तसंच जातं. पहिल्या 1,000 किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला आणि तो फिल्टर कापून आत चमचम दिसते का, ते बघा.

ब्लॉक बदलला असेल तर इंजिन नंबर बदलला. आरसी एमएच-31, 40 किंवा 49, ज्या कार्यालयाची असेल तिथे नवा नंबर नोंदवून घ्या, वर्कशॉपचं बिल आणि जुना ब्लॉक जमा केल्याचं पत्र सोबत न्या, आणि विमा कंपनीलाही त्याच आठवड्यात कळवा.